पंच्याऐंशी मुलं, अडीच तास

मधल्या सुट्टीची घंटा केव्हाच झाली आहे. शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावर चार डबे उघडे पडलेत आणि डब्यांच्या मधोमध गेल्या वर्षीचं एक पाठकोरं निकालपत्रक. त्यावर इतिहासाचे सर स्केचपेननं मुंबईचा नकाशा काढताहेत. पेणच्या शाळेची सातवी, दोन्ही तुकड्या मिळून पंच्याऐंशी मुलं, डिसेंबरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायला जाणार, एवढंच ठरलंय. बाकी सगळं ठरायचंय. पालकांच्या वतीनं आम्ही दोघं आहोत. एक मी आणि दुसरे, माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकलेले एक मूर्तिकार. गावात त्यांचा गणपतींचा कारखाना आहे, मुलगी सातवी ‘ब’मध्ये.

मुख्याध्यापिका बाई उभ्यानंच बोलतात. “हे बघा, पालक पैसे भरणार, तर मुलांनी सगळं बघून यायला पाहिजे. अर्धंच दाखवलं म्हणून नंतर तक्रार नको.”

“सगळं म्हणजे बाई, तीन मजले आहेत,” सर नकाशावरून मान न उचलता म्हणतात. “शिल्पं, लघुचित्रं, नाणी, हत्यारं, नेपाळ-तिबेटच्या मूर्ती, चीन-जपानची भांडी. शिवाय प्राणी-पक्षी.”

“मग चार तास धरा.”

“चार तास मुलं चालणार नाहीत,” विज्ञानाच्या मॅडम डबा बंद करत म्हणतात. “चालली तरी बघणार नाहीत.”

मॅडमचा बेत वेगळाच आहे. बसनं मांडव्याला जायचं, तिथून लाँचनं गेटवे, आणि गेटवेपासून चालत संग्रहालय. वाट थोडी वाकडी करून किहीमला दहा मिनिटं थांबायचं. किहीमला काय आहे, असं बाई विचारतात. सुगरणी, मॅडम सांगतात. सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात तिथं बसून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, आणि त्याआधी ते ह्याच संग्रहालयात लोकांना प्राणी-पक्षी समजावून द्यायच्या नोकरीवर होते.

“सुगरणी डिसेंबरात घरटी बांधतात?”

“नाही. रिकामी घरटी असतात.”

“रिकाम्या घरट्यांसाठी पंच्याऐंशी मुलं समुद्रातून न्यायची?” बाई खुर्ची ओढून बसतात. लाँच हा शब्द त्यांना मुळातच नको आहे. २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीला जाणाऱ्या बोटीला अपघात झाला, त्याच्या बातम्या ह्या खोलीत सगळ्यांनी वाचल्यात. मॅडम लाइफ जॅकेटचा मुद्दा काढू पाहतात, पण बाईंचा चेहरा बघून तोंडातच ठेवतात. मला मनातून लाँच हवी होती. पण पंच्याऐंशी घरी उत्तर द्यायला मला जावं लागणार नाही, बाईंना लागेल. मी गप्प राहतो.

तेव्हा मूर्तिकार पहिल्यांदा बोलतात. “बाई, आमच्या मूर्ती औंदा अटल सेतूवरनं गेल्या. पयले सायन-पनवेलनं जायच्या, तेव्हा दोन-तीन तरी दुखावायच्या. आता एकाला टवका नाय. गणपती ज्या रस्त्यानं धड पोचतो त्या रस्त्यानं पोरं पण पोचतील.”

रस्त्याचा प्रश्न तिथंच मिटतो. सर नकाशावर चिर्ल्यापासून शिवडीपर्यंत एक लांब सरळ रेघ मारतात.

मग मुलांनी कागदावर लिहून दिलेले प्रश्न निघतात. ‘वाघनखं आहेत का?’ हा प्रश्न इतक्या चिठ्ठ्यांवर आहे की सर वैतागतात. संग्रहालयाला महाराजांचं नाव आहे, तेव्हा वाघनखं तिथंच असणार, असा मुलांचा हिशेब. लंडनहून २०२४ च्या जुलैत जी वाघनखं आली ती साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती, हे आता परिपाठात सांगावं लागणार. नाहीतर मुंबईत उतरल्या उतरल्या हिरमोड. दुसरी एक चिठ्ठी मॅडम बाजूला काढून ठेवतात: ‘प्राणी मेलेले असतात तर मग उभे कसे राहतात?’

“आधी तुम्ही जाऊन बघून या,” बाई उठत म्हणतात. “दारापासून बाथरूमपर्यंत सगळं. मग मला लेखी द्या.”

•

नोव्हेंबरातल्या कामाच्या दिवशी सकाळी आम्ही मूर्तिकारांच्या बोलेरोतून निघालोय. सेतूवर गाडी थांबवायला बंदी, तेव्हा मॅडम खिडकीला नाक लावून बसल्यात. शिवडीजवळ कठड्यावर आवाज अडवणाऱ्या भिंती लागतात. खाली चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांना गाड्यांचा त्रास होऊ नये म्हणून त्या घातल्यात. “म्हणजे पक्ष्यांची सोय केली आणि आपलं बघणं बंद केलं,” सर म्हणतात. “बरोबरच केलं,” मॅडम.

सव्वादहाला दारं उघडतात. आम्ही फाटकातून आत शिरतो तर काळा घोड्याच्या बाजूनं एक शाळा आधीच रांगेत आहे. बागेतून वर बघितलं की तो मोठा पांढुरका घुमट. आदिलशाही-कुतुबशाही इमारतींवरून उचललेला, आणि खाली कुर्ल्याचा निळसर काळा दगड, मालाडचा पिवळट. सर चालता चालता धडा घेतात, ऐकायला आम्ही तिघंच असलो तरी. कोनशिला १९०५ ची, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. १९०९ मध्ये स्पर्धा घेऊन जॉर्ज विटेटचा आराखडा निवडला. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण पहिलं महायुद्ध आलं आणि आत लष्करी इस्पितळ भरलं. लोकांसाठी दार उघडलं ते १० जानेवारी १९२२ ला.

“म्हणजे आधी खाटा, मग मूर्ती,” मूर्तिकार म्हणतात.

मधल्या दालनात पोचल्यावर सर गप्प होतात. वर घुमट, भोवती सज्जे, आणि लाकडी कमानी-खांबांचं कोरीव काम. नाशिकच्या एका वाड्यातलं हे लाकूडकाम विकत घेऊन विटेटनं इथं बसवलं. मूर्तिकार एका खांबाकडे बघत मान वाकडी करतात, हात मागं बांधूनच. हात लावू नका, अशी पाटी त्यांनी पहिल्यांदा वाचली आणि तेव्हापासून हात मागंच आहेत. सर मात्र कामाला लागलेत. “इथं जमवायचं. एका रांगेत नको, दोन कोंडाळी. ‘अ’ डावीकडे, ‘ब’ उजवीकडे. एक तुकडी शिल्पांत गेली की दुसरी प्राण्यांत.” फुलस्केपवर बाणांचं जाळं तयार होतंय.

दारातली ती शाळा आत येते. गणवेश इस्त्रीचे, प्रत्येकाच्या हातात वही. त्यांच्या बाई पहिल्या काचेपाशी थांबून सांगतात, पाटीवरचं सगळं उतरवून घ्या, परत गेल्यावर तपासणार आहे. चाळीस माना खाली जातात. पाटी वाचायची, लिहायचं, पुढच्या काचेकडे पळायचं. एक मुलगा काचेतल्या वस्तूला पाठ करून उभा आहे, कारण पाटी बाजूच्या भिंतीवर आहे. मॅडम माझ्याकडे बघतात. आमच्या मुलांना वह्या द्यायच्या नाहीत, ही गोष्ट न बोलताच ठरते.

शिल्पांच्या दालनात सरांना जे दाखवायचं आहे ते घारापुरीचं. सहाव्या शतकातली महिषासुरमर्दिनी, काळ्या दगडाची, भग्न. “घारापुरी कुठल्या जिल्ह्यात?” सर मलाच विचारतात. रायगड. उरण तालुका. “बघा! मुलांना वाटतं घारापुरी मुंबईची, कारण लाँच मुंबईतून सुटते. आपल्या जिल्ह्यातली देवी इथं उभी आहे. हिच्यापुढं पाच मिनिटं.” ते ‘पाच’ लिहितात, मग खोडून ‘आठ’ करतात.

पण वेळ जातो तो पुढं, मीरपूरखासच्या मातीपाशी.

मीरपूरखास सिंधमध्ये, आता पाकिस्तानात. तिथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन हेन्री कझिन्स ह्यांनी १९०९-१० मध्ये केलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९३६ पर्यंत राहिला, म्हणून तिथल्या बुद्धाच्या मूर्ती, नक्षीच्या विटा आणि माणसांच्या मूर्ती इथं आल्या. सगळं भाजलेल्या मातीचं, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं. त्यातला एक पुरुष हातात कमळ घेऊन उभा आहे. सर त्याच्यासाठी चार मिनिटं धरून पुढं सरकतातही, पण मूर्तिकार हलत नाहीत.

ते आधी डावीकडून बघतात, मग उजवीकडून, मग गुडघ्यात वाकून खालून. हात अजून मागं. तोंडानं पुटपुटणं चाललंय. मी जवळ जातो.

“शाडू नाय ही. शाडू भाजत नाय आपण, नुसता सुकवतो. ही भट्टीतली. एवढा ऐवज भट्टीत घालायचा म्हणजे आतनं पोकळ पायजे, आणि जाडी सगळीकडे सारखी पायजे. जाडी चुकली का तडा गेलाच.” बोटाच्या टोकानं ते हवेतच मूर्तीच्या खांद्याची कड आखतात. “आणि हे बघा, वस्त्राच्या चुण्या. ओल्या मातीवर कोरणीनं ओढल्यात, एका दमात. हात थांबला असता तर रेघ जाड झाली असती.” मग विटांकडे वळून, “ह्या मात्र साच्यातल्या वाटतात. एकीसारखी दुसरी. चांगल्या कारागिराचं तेच असतं बघा, जिथं साचा चालतो तिथं वेळ घालवत नाय, आणि तोंड मात्र हातानं करतो.”

“रंग होता ह्यांच्यावर,” सर परत येऊन म्हणतात. “उत्खननात सापडले तेव्हा बुद्धमूर्तींवर रंगाच्या खुणा होत्या. अंगाला, वस्त्राला, केसांना वेगवेगळा.”

मूर्तिकार एकदम सरळ होतात. “मग आखणी असणार.”

सरांना कळत नाही. मला कळतं, पेणमध्ये कुणालाही कळेल. मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी डोळे काढतात, ती डोळ्यांची आखणी. कारखान्यात बाकी कामाला पोरंसोरंही बसतात, आखणीला मात्र ठरलेला माणूस. तो बसला की रेडिओ बारीक करतात. मूर्तिकार कमळवाल्याच्या डोळ्यांकडे परत बघतात. “ह्याचे डोळे पण रंगानंच पुरे केले असतील. मातीत नुसती पापणी दिलीय. बुबुळ वरनं काढलं असणार, ते दीड हजार वर्षांत गेलं.” हे बरोबर की चूक, हे सांगणारं आमच्यात कुणी नाही. पण एखाद्या मूर्तीपुढं उभं राहून असं बोलताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही, आणि पेणच्या त्या पंच्याऐंशी मुलांपैकी निदान वीस-पंचवीस जणांच्या घरी हेच काम चालतं.

“सर,” मॅडम म्हणतात, “इथं चार मिनिटं नकोत. पंचवीस करा. आणि बोलायला तुम्ही नको, हे.”

“मी?” मूर्तिकार दोन पावलं मागं जातात. “मला इतिहास नाय येत.”

“इतिहास मी सांगतो चार वाक्यात,” सर म्हणतात. थोडे दुखावलेत, पण फुलस्केपवर आकडा बदलतात. पंचवीस आले की कुठून तरी काढावे लागणार. तिबेट जातं. नाणी जातात. चीन-जपान आधीच गेलेलं.

वरचा मजला आम्ही भराभर उरकतो. लघुचित्रांची दालनं सुरेख आहेत, मंद उजेडातली, आणि सातवीच्या मुलांच्या घोळक्यासाठी अगदी गैरसोयीची. प्रत्येक चित्र वहीच्या पानाएवढं, एका वेळी तिघांना दिसणार, मागचे चाळीस एकमेकांना ढकलणार. मोठेपणी येतील आपापले. हत्यारांच्या दालनात सर अडून बसतात. अकबराचं चिलखत आहे, पोलादावर सोन्याचं काम, १५८१ सालचं. ते दाखवल्याशिवाय नेणार नाही, असं ते बजावतात, आणि खरं सांगायचं तर वाघनखांनी हिरमुसलेल्या मुलांना काहीतरी धारदार दाखवायलाच हवं. दहा मिनिटं मंजूर.

आणि मग प्राणी.

ह्या विभागात पाऊल टाकलं की सरांचं राज्य संपतं, मॅडमचं सुरू होतं. मोठमोठ्या काचेच्या खोल्या, आत वाघ, गवा, धनेश, गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा. प्रत्येकाच्या पाठीमागं रंगवलेलं रान. मॅडम एका काचेपुढं आम्हाला उभं करतात आणि विचारतात, “खरं कुठं संपतं आणि चित्र कुठं सुरू होतं?” पुढचं गवत, दगड, फांदी हे सगळं समोर मांडलेलं. मागं डोंगर आणि आभाळ रंगवलेलं. मधली रेघ शोधायला मला वेळ लागतो. मागची भिंत सपाट नाही, वाकवलेली आहे, कोपराच नाही, त्यामुळे नजर कुठं अडत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं हा विभाग विसाच्या दशकात उभा राहिला. सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर परदेशातल्या संग्रहालयांत ही पद्धत शिकून आले होते. सोसायटीचं हॉर्नबिल हाउस इथं शेजारीच आहे, लायन गेटसमोर.

“सोसायटी इंग्रजांची,” सर म्हणतात.

“आठ जणांनी काढली, १८८३ मध्ये. त्यातले दोघं आपले. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.”

सर थांबतात. “आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे?” तेच. आणि सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील, हे मग सरच आठवून सांगतात, आवाज चढवून. आठवीच्या समाजसुधारकांच्या धड्यातली माणसं गव्याच्या काचेपाशी भेटतील असं त्यांना वाटलं नव्हतं. फुलस्केपच्या मागं काहीतरी लिहून ठेवतात.

मॅडम पिशवीतून ती चिठ्ठी काढतात, मेलेले प्राणी उभे कसे राहतात ती. उत्तर त्यांना पाठ आहे: आत मांस-हाडं काही नसतं, प्राण्याच्या मापाचा साचा करतात, त्यावर कमावलेलं कातडं चढवतात आणि शिवण दिसणार नाही अशा बाजूला घेतात. पण बोलायच्या आधी त्या मूर्तिकारांकडे वळतात. “तुम्हाला काय वाटतं?”

मूर्तिकार गव्याकडे बराच वेळ बघतात. “आत बॉडी घडवलेली असणार. स्नायू आधी मातीत काढले असणार, नायतर कातडं एवढं ताणून नसतं बसलं. खांद्याचा उंचवटा बघा, पाय पुढं टाकताना येतो तसाच आहे. ज्यानं केलंय त्यानं जिता गवा बघितलाय.” मग जरा थांबून, “डोळे काचेचे ना?”

काचेचे. बाजारात तयार मिळतात, वेगवेगळ्या प्राण्यांचे.

“म्हणजे ह्यांना आखणीवाला लागत नाय,” ते म्हणतात. त्यांना ते पटलेलं नाही, हे स्पष्ट दिसतं.

ह्याच दालनात १९२६ पासून सलीम अली उभे राहून मुलांना, लोकांना माहिती सांगत. मग ते शिकायला जर्मनीला गेले. परत आले तेव्हा पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, तेव्हा सासरच्या माणसांच्या किहीमच्या घरी जाऊन राहिले आणि तिथं झाडाला शिडी टेकवून सुगरणींपुढं बसले. त्यांना दिसलं ते असं: नर घरटं अर्धं विणून थांबतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर आत शिरते आणि मगच तो ते पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा बहाद्दर शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मॅडम हे रंगून सांगताहेत आणि दुसऱ्या शाळेतल्या दोन मुली वह्या मिटून आमच्यात येऊन मिसळल्यात. त्यांच्या बाई लांबून हाक मारतात. “चला चला, वरचा मजला राहिलाय!” मुली जातात, मागं बघत.

“अर्धवट घरटं मिळेल कुठं?” सर विचारतात.

“आमच्या शेताच्या बांधावर शिंदी हाय,” मूर्तिकार म्हणतात. “वाऱ्यानं पडलेली असतात खाली. दहा-बारा आणून देतो. पोरांनी आधी शाळेत हातात घेऊन बघू दे, मग इथं या म्हणावं.”

मॅडम किहीमचा नाद सोडतात तो ह्या क्षणी. घरटी आणि शाडूचा गोळा आदल्या दिवशी शाळेत, असं ठरतं. सरांचा एकच आग्रह, शाडूचा गोळा वर्गात नको, व्हरांड्यात.

बाहेर बागेत बाकावर बसून हिशेब होतो. घारापुरी आठ, मीरपूरखास पंचवीस, हत्यारं दहा, प्राणी पंचेचाळीस, आणि त्यातले पंधरा एकाच काचेपुढं, प्रत्येकानं आपली निवडलेली. मध्ये पाणी, बाथरूम, मोजणी. बरोबर कागद नाही, पेन्सिल नाही. अडीच तासांच्या वर एक मिनिट नाही. सर पुन्हा पुन्हा बेरीज करतात आणि दर वेळी लघुचित्रांच्या नावापुढं पेन टेकवून उचलतात. बाईंना लेखी काय द्यायचं, हा प्रश्न आहे. तीन मजल्यांपैकी दीड मजला सोडला, असं लिहिलं तर सहलच रद्द होईल. मॅडम म्हणतात, काय सोडलं ते लिहायचंच कशाला, काय दाखवणार तेवढं लिहा, पान भरेल.

शाळांच्या नोंदणीचा अर्ज काउंटरवरून आणलाय. सर मांडीवर फुलस्केप ठेवून तो भरताहेत. मुलं पंच्याऐंशी, शिक्षक चार. पुढं मार्गदर्शकाची सोय हवी का, असं विचारलंय. सर पेन उचलून मूर्तिकारांकडे बघतात.

“माझं नाव घालू नका सर,” ते घाईघाईनं म्हणतात. “मी आपला पोरीचा बाप म्हणून येईन.”

“मग ‘आमचे आम्ही’ लिहितो.”

राहिला बसचा प्रश्न. दोन बसगाड्या काळा घोड्याला दोन-अडीच तास कोण उभ्या करू देणार? ह्यावर मात्र मूर्तिकारांना क्षणभरही विचार करावा लागत नाही. गणपतीत इकडच्या मंडळांना मूर्ती पोचवायला टेम्पो आणतात, तेव्हापासून त्यांना ह्या भागातल्या बोळांची खडान्‌खडा माहिती आहे. बेलार्ड इस्टेटच्या बाजूला, रुंद रस्ता, सकाळी अकराच्या आत गेलं तर कुणी हटकत नाही. अकरानंतर मात्र खरं नाही.

“पण मुलं इथपर्यंत चालत आणायची?” सर घड्याळ बघतात. “पंधरा मिनिटं जाणार. जायची पंधरा, यायची पंधरा.”

“मग मुलं फाटकाशी उतरवा आणि गाड्या तिकडं धाडा.”

“ड्रायव्हरला जागा सापडली नाही तर?”

“चला, आत्ता दाखवतो. तुमच्या मोबाइलवर फोटो काढा आणि ड्रायव्हरला पाठवा,” ते उठतातच. “मग जेवू.”

सर अर्जाची घडी शर्टाच्या खिशात घालतात, मॅडम पाण्याची बाटली भरायला मागं वळतात, आणि मूर्तिकार हात पुढं सोडून झपाझप लायन गेटच्या दिशेनं चालायलाही लागलेत.